चिरतरुण म्हणू नका

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतील सर्व मंडळी,
ज्येष्ठ नागरिक संघ

विषय : पुढच्या वर्षाची कार्यक्रमपत्रिका आणि फलकावरचा एक शब्द

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या महिन्यात मला एकोणसत्तर पूर्ण झाली. रिवाजाप्रमाणे फळ्यावर रंगीत खडूने नाव आलं, हातात गुलाबाचं फूल आलं आणि सचिवांनी माइकवरून पुकारा केला, "आपले चिरतरुण सभासद!" टाळ्या वाजल्या. मीही हात जोडून हसलो. त्या वेळी माझ्या खांद्याच्या पिशवीत, चष्म्याच्या घराखाली, एक जादाची चड्डी घडी करून ठेवलेली होती. गेली दोन वर्षं ती असते. चिरतरुण माणसाला ती का लागते, ते सांगण्यासाठी हे पत्र.

हे मी आधी खासगीत सांगून पाहिलं आहे. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीवर एखादं व्याख्यान ठेवा, असं मागच्या दिवाळीत सुचवलं, तेव्हा उत्तर आलं, "समोर महिला सभासद बसतात, बरं दिसत नाही." मी गप्प बसलो. पुढच्याच महिन्यात आपल्या महिला विभागाने स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलावून पाळी जातानाच्या त्रासावर दीड तास कार्यक्रम केला. आमची सौ. घरी येऊन मेथी निवडता निवडता सगळं सांगत होती. अंगातून वाफा निघणं, हाडं ठिसूळ होणं, खोकला आला की कपडे ओले होणं. कोण काय बोललं, कोण हसलं, कोण रडलं. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "तुम्हा पुरुषांचं काय हो? तुम्हाला काहीच होत नाही का?"

आपल्या यादीवरून तसंच दिसतं. वर्षभरात ज्ञानेश्वरीचं निरूपण झालं, मृत्युपत्र कसं करावं ते झालं, ऑनलाइन फसवणुकीवर पोलीस साहेब येऊन गेले. मधुमेह तीनदा झाला, गुडघे दोनदा. शुगर आणि बीपी तर आपण मिरवतोच. "माझी शुगर साडेतीनशे होती" हे सांगताना आवाजात लढाई मारून आल्याचा सूर असतो. कमरेखाली मात्र आपल्यातल्या कुणाला काही होत नाही.

आता गणपतीपुळ्याच्या सहलीबद्दल. त्या सहलीच्या वृत्तांतात आपण लिहिलंत, "प्रवासात एका सभासदास अपचनाचा त्रास झाला." तो सभासद मी. अपचन झालं नव्हतं. लघवी तुंबली होती.

निघायच्या आदल्या रात्री शिंका सुरू झाल्या, म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली. एक रात्री घेतली, एक पहाटे. बसमध्ये त्रास नको म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद केलं होतं. कोयनानगरला चहाला गाडी थांबली. मुतारीत उभा राहिलो, मागे तिघेजण ताटकळत. काही येईना. मागे कुणी उभं असलं की मला दोन वर्षांपासून तसंच होत होतं. मनात शंभरपर्यंत आकडे मोजायचे, मग थेंब थेंब. त्या दिवशी थेंबही नाही. झाल्यासारखं करून, हात धुऊन बसमध्ये येऊन बसलो. कुंभार्ली घाटाच्या प्रत्येक वळणाला ओटीपोटात कुणीतरी दगड फिरवत होतं. मी खिडकीची दांडी धरून बसलेला आणि मागे आपली मंडळी भेंड्या खेळत होती. चिपळूण यायच्या आत मी घामाने भिजलो होतो.

दवाखान्यात विशीतल्या एका ब्रदरने नळी घातली. "काका, अंग सैल सोडा," एवढंच तो म्हणाला. पिशवीत नऊशे मिली जमा झाली. माणसाला चारशे-पाचशेला जोराची लागते. आयुष्यात मला पगारवाढीने, मुलाच्या लग्नाने, निवृत्तीच्या हार-तुऱ्यांनी जेवढं सुख दिलं नसेल तेवढं त्या रबरी नळीने दोन मिनिटांत दिलं. आणि बाहेर बाकावर बसलेल्या आपल्या खजिनदारांना मी काय सांगितलं? "गॅस धरला होता." म्हणजे वृत्तांतातल्या अपचनाचा उगम मीच आहे, तुम्हाला बोल लावत नाही.

नंतर डॉक्टरांनी सर्दीच्या गोळीची पाकिटाची बाजू वाचून दाखवली. त्यात फिनाइलेफ्रिन असतं, ते नाकाच्या सूजलेल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायूही आवळतं. दुसरं क्लोरफेनिरामिन, ते मूत्राशयाचा जोर कमी करतं. वाट आधीच अरुंद, त्यात दार ओढून घेतलं आणि ढकलणाऱ्याला झोपवलं. स्वस्तातली गोळी, कुणीही मागावी आणि कुणीही द्यावी. आपल्या सभागृहात नव्वद पुरुष बसतात, पावसाळ्यात निम्मे शिंकत असतात, आणि ही साधी गोष्ट आपण एकदाही माइकवरून सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसने आम्हा दोघांना चिपळुणात उचललं. लेंग्याच्या आत मांडीला पिशवी बांधलेली, वर सौ.ने शाल टाकलेली. घाट चढायला लागल्यावर आपले निवृत्त हेडमास्तर शेजारी येऊन बसले. बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "किती ग्रॅमची आहे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी अर्धी वर काढून दाखवली आणि परत आत सारली. टॅमसुलोसिन, प्रोस्टेट वाढून लघवी अडते त्यावरची. त्यांना चार वर्षं चालू होती. ते उठले तर बँकवाले काका येऊन बसले. पाटण येईपर्यंत एकामागोमाग एक जागा बदलत पाचजण येऊन गेले, लग्नात आहेर द्यायला यावं तसे. त्या बसमध्ये पुरुष बावीस होतो. मी धरून सहाजणांना एकच दुखणं होतं आणि ते आम्ही एकमेकांपासून लपवत होतो. न आलेले आणखी किती असतील, देव जाणे.

खरं तर यात लपवण्यासारखं काय आहे? मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून एक ग्रंथी असते, तीच प्रोस्टेट. ऐन उमेदीत ती अक्रोडाएवढी, वीसेक ग्रॅमची. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढते, केस पांढरे व्हावेत तशी. साठीला साधारण निम्म्या पुरुषांत ती वाढलेली असते, पंच्याऐंशीच्या घरात दहांतल्या नऊ जणांत. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही, पण ज्यांना होतो त्यांची गोष्ट एकच : रात्री तीन-चारदा उठणं, धार बारीक होणं, झाली म्हणून निघावं तर पँटवर डाग. माझी ग्रंथी ५८ ग्रॅमची निघाली. मराठीत तिला पौरुषग्रंथी म्हणतात. ज्याने कुणी हे नाव काढलं त्याला मी दोन शब्द सुनावणार आहे. ज्या अवयवाच्या नावातच पौरुष, तो बिघडलाय असं चारचौघांत कोण सांगेल? यकृताला कुणी असलं ओझ्याचं नाव दिलेलं नाही.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण कॅन्सरची लक्षणंही अशीच असू शकतात, कधी तर नसतातही, म्हणून डॉक्टरांना पाहू द्यावं लागतं. पीएसए नावाची रक्ताची तपासणी असते आणि दुसरी बोटाची, डॉक्टर मागच्या वाटेने बोट घालून ग्रंथी चाचपतात ती. तिला घाबरून मी दोन वर्षं घालवली. अर्ध्या मिनिटात झाली. विजेच्या मंडळात चौतीस वर्षं लाईनमन होतो मी. भर पावसात रात्री दोनला पोलवर चढून डीओ, म्हणजे लाईनचे फ्यूज, बसवलेत. आणि एका बोटाला घाबरलो.

लाईनमनकीचा विषय निघालाच आहे तर थोडं तेही सांगतो, कारण माझं दुखणं नुसतं लघवीचं नव्हतं. माझी भाकरीच अंगबळावर होती. १९८० साली लागलो तेव्हा शिडी यायची वाट बघायचो नाही. दोन्ही पायांनी पोल कवटाळून वर. खाली गावातली पोरं तोंड उघडं टाकून बघायची. तो माणूस माझ्या डोक्यातून खाली उतरलाच नव्हता. गेल्या वर्षी घरातला बल्ब बदलायला स्टुलावर पाय ठेवला, तर सूनबाई म्हणाली, "बाबा, राहू द्या, ते येऊन करतील." मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. बिचारीची चूक काय, तर तिला माझा कापणारा पाय दिसला आणि मला दिसला नाही.

असंच पँटचं. दोन्ही पँटी टाचेखाली यायला लागल्या, तेव्हा मी शिंप्याशी भांडलो की घोळ नीट मारला नाहीस. तो म्हणाला, "अण्णा, माप तेच आहे." दवाखान्यात उंची मोजली. सर्व्हिस बुकात १७२ सेंमी आहे, आता १६९. तिशी ते सत्तरी एवढ्यात पुरुष सरासरी तीनेक सेंमी खचतो, मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि पाठ वाकते. शिंप्याची माफी मागायची राहिली आहे.

कानांचं वेगळंच. आधी बारीक आवाज जातात, म्हणजे बायकांचे आणि पोरांचे. स, श, फ ही अक्षरं विरून जातात. म्हणून पुरुष म्हणतो मला चांगलं ऐकू येतं, ही बायकोच पुटपुटते. मीही वर्षभर म्हणालो. नात काहीतरी विचारते, मी "हो हो" म्हणतो. एकदा अशा "हो"वर तिने आठशे रुपयांची रंगपेटी ऑर्डर केली.

उन्हाळ्यात तारेला झोळ येतो. लाईन टाकताना तो धरूनच पोलची उंची ठरवतात, तार जमिनीपासून किती वर राहायला हवी याचा हिशेब झोळासकट असतो. झोळ आला म्हणून कुणी तारेला नावं ठेवत नाही. हे मी चौतीस वर्षं हाताने केलं. स्वतःच्या अंगाच्या बाबतीत मला ते सुचलं नाही.

आता जे लिहितो ते काहींना आवडणार नाही. अंथरुणातली गोष्ट. माझी ती ताकद साठीच्या आसपास हळूहळू गेली. मी काय केलं? टीव्हीसमोर उशिरापर्यंत बसायला लागलो. सौ. झोपली की आत जायचं. तिला वाटलं, हिच्यात आता काही राहिलं नाही असं यांना वाटतंय. ती तिच्या जागी कुढली, मी माझ्या. सहा वर्षं. नळी काढल्यानंतरच्या एका तपासणीला डॉक्टरांनी तिच्यासमोरच सरळ विचारलं आणि मी खाली मान घालून हो म्हटलं. बाहेर रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "एवढंच होतं होय?" तेवढंच होतं.

डॉक्टर म्हणाले, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांची पाहणी झाली होती, १९९४ ला आकडे आले. निम्म्याहून जरा जास्तच पुरुषांना ही तक्रार कमी-अधिक होती. आणि त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त महत्त्वाची. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असतात. चरबी साठायला लागली की आधी बारीक वाहिनी अडते. म्हणजे ही तक्रार कधी कधी हार्टच्या दुखण्याची काही वर्षं आधी आलेली सूचना असते. माझा ईसीजी, कोलेस्टेरॉल, शुगर सगळं त्या दिवशीच झालं. शुगर निघाली. सहा वर्षं मी शरमेपोटी टीव्ही बघत होतो आणि शुगर आपलं काम करत होती.

कट्ट्यावर एकजण दुसऱ्याच्या कानात "ती निळी गोळी", म्हणजे व्हायग्रा, सांगत असतो, हे मला माहीत आहे. चेष्टेवारी नेऊ नका. ज्याच्या खिशात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी असते, त्याने ती निळी घेतली तर बीपी एकदम कोसळून माणूस जाऊ शकतो. मेडिकलवाला विचारत नाही, घेणारा सांगत नाही. मग उरतात भिंती. "गमावलेली ताकद परत मिळवा, हमखास उपाय" ही पत्रकं आमच्या पोलवर चिकटवलेली असायची, चढताना बरोबर नाकासमोर यायची. अशा जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे. पत्रकं अजून आहेत, कारण ती वाचणारे आहेत, आणि वाचणारे आहेत कारण विचारायला दुसरी जागा नाही.

घरातला एक किस्सा सांगतो. औषधांच्या कपाटात एकदा मुलाच्या हाताला माझी फिनास्टेराइडची पट्टी लागली आणि तो चपापला. त्याला वाटलं, त्याची आहे. तो अडतीसचा, टक्कल पडायला लागलंय म्हणून गुपचूप तीच गोळी घेत होता. त्याची एक मिलिग्रॅमची, माझी पाचची. आधी ती प्रोस्टेटसाठी निघाली, १९९२ साली अमेरिकेत मंजूर झाली, आणि पाच वर्षांनी केसांसाठी. एकाच कपाटात बाप-लेक एकमेकांपासून एकच औषध लपवत होते. त्या दिवशी आम्ही बऱ्याच वर्षांनी मोकळे हसलो. (ती गोळी चालू असेल तर पीएसएचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो, तपासणीला जाताना डॉक्टरांना सांगा. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी टॅमसुलोसिन घेत असल्याचं डोळ्याच्या डॉक्टरांना न विसरता सांगा. तिने डोळ्याची बाहुली नीट मोठी होत नाही, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो. आधी कळलं तर ते तयारीत राहतात. आपण दरवर्षी मोतीबिंदू शिबिर घेतो, त्या फॉर्मवर हा एक प्रश्न छापा.)

तर मंडळी, माझी पहिली मागणी पैशाची नाही. "चिरतरुण" हा शब्द बंद करा. "पंच्याहत्तरीचा तरुण", "वय हा फक्त आकडा" हेही. तुम्ही प्रेमाने म्हणता, मला कळतं. पण ज्याचं कौतुकच म्हातारा न झाल्याबद्दल होतं, त्याने म्हातारं झाल्यावर जायचं कुठे? मग तो मिशी काळी करतो. मी दहा वर्षं केली. अंगावर पुरळ उठलं, ओठ सुजला, तरी पंधरवड्याला चालूच. कानाचं यंत्र घेऊन खणात ठेवतो. सहलीच्या आदल्या दिवशी पाणी तोडतो. काठी आणतो ती छत्रीची, ऊन नसलं तरी. एकोणसत्तरचा आहे, एवढंच म्हणा. तेवढं पुरेसं आहे.

दुसरी मागणी : पुढच्या वर्षी एक गुरुवार पुरुषांच्या शरीरासाठी ठेवा. मूत्ररोगाचे डॉक्टर बोलवा. महिलांना बाहेर घालवू नका, बसू द्या. रात्री चार वेळा दिवा लागतो तेव्हा जाग त्यांनाही येते. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, नाव नको. पहिली चिठ्ठी कुणी टाकत नसेल तर मी उभा राहून बोलेन. मी रात्री बसून लघवी करतो, हेही सांगेन. गोळीने उठल्या उठल्या अंधारी येते, म्हणून आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसतो, मग भिंत धरून जातो, आणि तिथे खाली बसतो. पहिल्या रात्री मला फार कसंतरी वाटलं. मग लक्षात आलं की तिथे बघायला कुणी नव्हतं.

तिसरी : संडासाच्या भिंतीला एक दांडी बसवून घ्या, खर्च मी करतो. दरवाजाची कडी बाहेरूनही उघडेल अशी लावा. मागे एका सभासदाला आत चक्कर आली तेव्हा शिपायाला दार तोडावं लागलं, आणि तेव्हाही आपण अपचनच म्हणालो होतो.

पौष पौर्णिमेच्या आसपास तुळजापूर-अक्कलकोटची सहल ठरते आहे असं ऐकलं. वाटेवर दर दीड तासाला गाडी थांबेल, हे आधीच पत्रकात छापा. कुणाला हात वर करून विचारावं लागू नये. मी आणि सौ. दोघांचे पैसे खजिनदारांकडे सोमवारी भरतो. मला खिडकी नको. दाराजवळची सीट द्या, आणि शेजारची हेडमास्तरांना.

आपला,
एक सभासद
(निवृत्त लाईनमन)